आमच्या घरचा समुद्र

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार तालुक्यांत बीबी हें आमचें गांव. मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यानें ज्यांनीं प्रवास केला असेल, त्यांनीं तें मोटारीच्या खिडकींतून पाहिलें असेल व बहुधा विसरलेंहि असेल. सभोंवार काळी जमीन, तींत कापूस, तूर आणि सोयाबीन. उन्हाळ्यांत धूळ आणि पावसाळ्यांत चिखल. समुद्र येथून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. आमच्या मातोश्रींचें वय सत्तरीच्या पुढें गेलें आहे, पण त्यांस समुद्राचें दर्शन अद्यापि घडलेलें नाहीं. अशा ह्या गांवीं, आमच्या किराणा दुकानाच्या मागील खोलींत, २०२३ सालच्या जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत एक समुद्र नांदत होता. तो शंभर लिटरांचाच होता ही गोष्ट खरी. परंतु त्यांत भरती-ओहोटी सोडून समुद्राचें बहुतेक सर्व होतें.

आमची कन्या आतां ह्या शाळेच्या वसतिगृहांत राहून शिकते. शाळेच्या वार्षिकासाठीं पालकांनींहि कांहीं लिहावें अशी सूचना तिच्यामार्फत आम्हांस आली, तेव्हां आम्हीं तिलाच विचारलें कीं, कोणत्या विषयावर लिहावें? ती म्हणाली, "बाबा, समुद्राचें लिहा, पण सगळें लिहा." त्या ‘सगळें’ शब्दावर तिनें किंचित् जोर दिला. तो कां दिला, हें आम्हांस समजलें; वाचकांसहि पुढें समजेल.

आमचे मेहुणे मुंबईस नोकरीला होते व तेथें त्यांस समुद्रजीवांची काचपेटी ठेवण्याचा नाद होता. त्यांची बदली नागपुरास झाली आणि ती पेटी, तिचे पंप, दिवे व खडक ह्यांसह, जातां जातां आमच्या घरीं उतरली. "भाऊजी, दोन-तीन महिने सांभाळा, घर लागलें कीं घेऊन जातो," असें ते म्हणाले. आम्ही किराणा विकणारे. नवीन मालाचें आम्हांस कुतूहल फार. आम्हीं होकार दिला.

पेटींत पोवळीं असतील अशी आमची समजूत होती. ती मेहुण्यांनीं लगेच दूर केली. आपल्या देशांत २००१ सालापासून खडक रचणाऱ्या पोवळ्यांस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविलें आहे. तीं समुद्रांतून काढणें हा गुन्हा आहे. म्हणून मेहुण्यांच्या पेटींतील खडक भाजलेल्या मातीचे, कृत्रिम होते. त्यांवर शेवाळ, शिंपले, लहान खेकडे व नांवें ठाऊक नसलेले कितीतरी जीव कालांतरानें वस्तीस आले होते. हा नाद तसा फार जुना नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं जनतेसाठीं पहिलें जलजीवालय उघडलें, आणि फिलिप गॉस ह्या निसर्गशास्त्रज्ञानें १८५४ सालच्या आपल्या पुस्तकानें समुद्राची पेटी घरोघर नेली. पुढें लोकांनीं हौसेपोटीं इंग्लंडचे किनारे असे ओरबाडले कीं, गॉसच्या मुलानें १९०७ सालीं बापाविषयीं पुस्तक लिहिलें तेव्हां त्याला त्या उजाड खडकांबद्दल हळहळ व्यक्त करावी लागली. मुंबईंत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें. आमच्या पिढींतील पुष्कळ वऱ्हाडकरांनीं समुद्रांतील मासा प्रथम जर कोठें पाहिला असेल तर तो शाळेच्या सहलींत, तेथेंच.

पेटी आली, पण निम्मेंअधिक पाणी वाटेंत ओतून द्यावें लागलें होतें, आणि समुद्राचें पाणी बीबीस कोठून आणावें? आमच्या बोअरच्या पाण्यानें भांड्यांवर पांढरा थर चढतो. तें कामाचें नव्हतें. जारमधून येणारें शुद्ध केलेलें पाणी घेऊन त्यांत विकतचें समुद्रमीठ कालवावें लागे. एका लिटरास सुमारें ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरांस साडेतीन किलो. दुकानांत मिठाचीं पोतीं रचलेलीं असतां आम्ही मीठ बाहेरून मागवितों, हें पाहून आमच्या गिऱ्हाइकांची मोठी करमणूक झाली. त्यांस आम्ही सांगत असूं कीं, समुद्राच्या मिठांत आपलें खाण्याचें मीठ शंभरांत पंच्याऐंशी भागच असतें; उरलेल्या पंधरा भागांत मॅग्नेशियम, गंधकाचे क्षार, चुना, पोटॅशियम इत्यादि अनेक पदार्थ येतात आणि त्यांवांचून समुद्रांतील जीव जगत नाहींत.

एका स्नेह्यानें सुचविलें, "लोणारचें पाणी आणा कीं! खारेंच आहे, दोन कॅन भरून आणूं." सूचना ऐकावयास गोड होती. लोणारचें सरोवर आमच्या तालुक्याचें भूषण. उल्कापातानें बेसाल्ट खडकांत पडलेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर पाहण्यास जगांतून लोक येतात. २०२० सालच्या जूनमध्यें तेथील पाणी एकाएकीं गुलाबी झालें तेव्हां वर्तमानपत्रें महिनाभर त्याच वार्तेनें भरलीं होतीं, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्याची रामसर स्थळांत गणना झाली. परंतु तेथील खारेपणा निराळा. समुद्राचें पाणी किंचित् अल्कधर्मी, सामू सुमारें ८. लोणारच्या पाण्यांत सोड्याचे क्षार इतके कीं, सामू १० च्या आसपास जातो. सामूची मोजपट्टी अशी आहे कीं, एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक; दोन अंकांचा म्हणजे शंभरपट. खारें तेवढें सारें एक समजून समुद्रांतील जीव त्या पाण्यांत सोडणें म्हणजे साबणाच्या पाण्यांत सोडण्यासारखेंच झालें असतें. ती चूक आमच्या हातून झाली नाहीं. दुसरी झाली.

मेहुण्यांनीं निघण्यापूर्वीं मुंबईच्या किनाऱ्यावरून शिंपल्यांचा एक झुपका आणून पेटींत टाकला होता. त्या झुपक्यावर फिकट, चिकट, मुरंब्यासारखा दिसणारा एक थर होता. आम्ही स्वच्छतेचे भोक्ते. पेटी मांडतांना आम्हीं दांत घासण्याचा एक नवा ब्रश घेतला आणि तो थर खरडून काढला. कन्या तेव्हां गांवच्या शाळेंत पांचवींत होती. ती शेजारीं बसली होती, म्हणाली, "राहूं द्या ना बाबा, छान दिसतें तें." आम्ही म्हणालों, "घाण आहे ती, पाणी नासेल." आणि अर्ध्या तासांत शिंपले लखलखीत करून टाकले.

त्यानंतर चार-पांच दिवसांनीं, संक्रांतीच्या आठवड्यांत, रात्रीं दिवे मालवण्याच्या सुमारास कन्येनें आरोळी ठोकली. पेटीच्या पुढील कांचेवर एक जीव चालत होता. चालत होता म्हणावें, तर त्याला पाय नव्हते. सरपटत होता म्हणावें, तर अंग कोठें आखडत नव्हतें. गर्द जांभळ्या, जवळजवळ काळ्या मखमलीचा एक तुकडा कोणीतरी पाण्यांत टाकावा, त्याच्या कडेला नारिंगी रेशमाची किनार लावावी, आणि त्या किनारीला वाऱ्यानें चुण्या पडाव्या, असा तो होता. लांबी साडेचार सेंटिमीटर, जाडी कागदाच्या दोन-तीन घड्यांएवढी. पुढच्या टोकाला किनार दोन ठिकाणीं दुमडून कानांसारखीं दोन टोकें झालीं होतीं. मध्येंच त्यानें कांच सोडली आणि दोन्ही बाजू लाटेसारख्या हालवीत तो पाण्यांतून पोहत गेला. मातोश्री, मुलांची आई, दुकानांतील नोकर, सर्वजण तेथें उभे होते आणि कोणी बोलत नव्हतें.

तो समुद्रांतील चपटकृमि होता. विद्यार्थ्यांनीं प्राणिवर्गीकरणाच्या धड्यांत ह्या संघाचें नांव वाचलें असेल. तेथें बहुधा यकृतांतील पर्णकृमि आणि आंतड्यांतील पट्टकृमि हे दोन दुष्ट भाऊच ठळकपणें सांगितलेले असतात. त्यांच्या ह्या सुंदर आणि स्वतंत्र नातेवाइकांची ओळख कोणी करून देत नाहीं. त्यांस फुप्फुसें नाहींत, कल्ले नाहींत, रक्तहि नाहीं. प्राणवायु कातडींतूनच आंत जातो, आणि तो सर्व अंगांत पोंचावा म्हणून अंगाला पातळ राहणें भाग पडतें. चपटेपणा हा त्यांचा श्वास आहे असें म्हटलें तरी चालेल. पोटाखालीं अगणित सूक्ष्म केस असतात, त्यांच्या वल्हवण्यानें तो पुढें सरकतो. तोंड डोक्याला नसून अंगाच्या खालच्या बाजूस असतें. त्यांतून घशाची नळी चुणीदार पडद्यासारखी बाहेर येऊन भक्ष्यावर पसरते. अन्न जावयाचें आणि मळ यावयाचा मार्ग एकच. प्रत्येक कृमि नरहि असतो व मादीहि. अंगावरचे भडक रंग हे पुष्कळदां इतरांस इशारा म्हणून असतात कीं, ह्याला खाऊं नका, हा विषारी आहे. कांहीं जातींत तर फुगा माशांत सांपडणारें जहाल विष सांपडलें आहे. हें सर्व आम्हीं पुढल्या आठवड्याभरांत वाचलें आणि दुकानांत येणाऱ्या प्रत्येकास सांगितलें. तेलाच्या पुड्यासाठीं आलेलीं मुलें कृमि पाहण्यासाठीं तासभर थांबूं लागलीं.

परंतु सर्वांत प्रथम जो प्रश्न विचारावयास पाहिजे होता तो आम्हांस सुचला नाहीं, मातोश्रींस सुचला. त्यांनीं जन्मभर गुरें राखलीं. दुसऱ्याच दिवशीं पेटीपुढें पाट मांडून त्या बसल्या आणि म्हणाल्या, "पाण्याचं समदं झालं, पण याच्या पोटाले काय?"

आम्हीं म्हटलें, "खाईल कांहीं तरी. माशांचें खाद्य टाकतों ना." आम्हीं खाद्याची चिमूट टाकली; कृमीनें तिच्याकडे पाहिलें नाहीं. बाजारांतून सुकट आणून भिजवून ठेविली. तो तिच्यावरून, रस्त्यांतील दगडावरून जावें तसा, निघून गेला. उकडलेल्या अंड्याचा कण, शेवाळाचें पान, गोठविलेल्या कोळंबीचा तुकडा, सर्व प्रयोग झाले. कन्या शाळेंतून आली कीं दप्तर ठेवण्यापूर्वीं विचारी, "बाबा, खाल्लें का त्यानें?" एके दिवशीं आमच्या दुकानांत उधारीवरून कटकट झाली होती, मन ठिकाणावर नव्हतें, आणि आम्ही म्हणालों, "हो, खाल्लें. सुकट खाल्ली."

ती इतकी आनंदली कीं, दुसऱ्या दिवशीं तेंच पुन्हां सांगणें सोपें गेलें.

दर रविवारीं तिचा एक उद्योग असे. संक्रांतीच्या पतंगांचा पातळ कागद उरला होता. कृमि पुढील कांचेवर आला कीं ती तो कागद कांचेला लावी आणि पेन्सिलीनें त्याची कड गिरवून घेई. खालीं तारीख घाली. २२ जानेवारीस तिनें पहिला आकार काढला. कागद ती वहींत ठेवून देई, आम्हांस दाखवीत नसे, आणि आम्हीहि मागत नसूं.

फेब्रुवारीच्या मध्यास मेहुण्यांचा फोन आला. आम्हीं कृमीचें वर्णन पूर्वींच कळविलें होतें. ते म्हणाले, "भाऊजी, मीं जरा वाचून पाहिलें. त्या शिंपल्यांवर जेलीसारखा थर होता, तो आहे ना अजून? तोच त्याचा आहार असावा."

तो थर म्हणजे घाण नव्हती. तो एक प्राणी होता, किंबहुना हजारों प्राण्यांची एक वसाहत होती. ह्या वर्गास असिडियन म्हणतात. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत ज्याचें नांव येतें तो हर्डमानिया ह्यांपैकींच. पिशवीसारखें अंग, दोन तोंडें. एकानें पाणी आंत घ्यावें, त्यांतील अन्नकण गाळावे आणि दुसऱ्यानें पाणी बाहेर सोडावें, एवढाच त्यांचा संसार. कांहीं एकेकटे राहतात, कांहीं एका चिकट आवरणांत दाटीनें राहून खडकावर थर धरतात. दिसावयास ओंगळ, पण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे, म्हणजे तुमचे-आमचे, ते नात्यानें बरेच जवळचे आहेत. कारण त्यांच्या पोहणाऱ्या पिल्लांस शेपटींत कण्याच्या जागीं एक लवचीक दोरी असते. रंगीत चपटकृमींपैकीं पुष्कळ जाती ह्यांच्यावरच जगतात. कृमि त्या झुपक्याबरोबर आला तो चुकून आला नव्हता. तो आपल्या ताटावर बसून आला होता, आणि तें ताट आम्हीं ब्रशानें घांसून पुसून ठेविलें होतें.

येथें एका थोर पुरुषाची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चार्लस डार्विन बीगल जहाजावरून जगप्रवास करीत असतां त्याला ओलसर जंगलांतील जमिनीवर राहणारे चपटकृमि भेटले. टास्मानियांत मिळालेले कांहीं कृमि त्यानें जवळजवळ दोन महिने जिवंत ठेविले. त्यांस तो कुजकें लाकूड खावयास घालीत असे, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. आज आपणांस ठाऊक आहे कीं, हे भूचर कृमि मांसाहारी आहेत. ते गांडुळें, गोगलगाई अशांची शिकार करतात, लाकूड खात नाहींत. मग ते दोन महिने कशावर जगले? चपटकृमींचा एक विलक्षण गुण असा कीं, अन्न न मिळाल्यास कित्येक जाती एकदम मरत नाहींत. त्या स्वतःच्याच देहावर जगूं लागतात आणि दिवसेंदिवस लहान होत जातात. आकार तोच, चाल तीच, परंतु माप कमी. डार्विनचे कृमि असेच तगले असावे असा आमचा तर्क आहे. पाहणाऱ्यास वाटतें, जीव मजेंत आहे.

वास्तविक हें समजल्या दिवशींच आम्हीं घरांत सांगावयास पाहिजे होतें. आम्हीं तें केलें नाहीं. कोंकणांतील एका ओळखीच्या गृहस्थांस गळ घातली. त्यांनीं बिचाऱ्यांनीं ओहोटीच्या वेळीं खडकांवरून असिडियनांचे दोन झुपके काढून, ओल्या फडक्यांत गुंडाळून पाठविले. पार्सल चौथ्या दिवशीं पोंचलें. उघडतांच जी दुर्गंधि सुटली तिच्यामुळें दुकान दुपारपर्यंत बंद ठेवावें लागलें. कन्येनें विचारलें, काय आलें होतें? आम्हीं सांगितलें, "कृमीचें खाद्य, पण खराब निघालें. असूं दे, सुकट खातोच आहे तो."

ह्याच सुमारास पेटींत दुसरीच एक गोष्ट घडूं लागली. खडकांवर गंजाच्या रंगाचे ठिपके दिसूं लागले. आठ दिवसांत शेंकडों झाले, पंधरा दिवसांत कांचहि त्यांनीं भरून गेली. भिंगांतून पाहिलें तों प्रत्येक ठिपक्याला मागें तीन लहान शेपट्या. पेट्या ठेवणारे लोक ह्यांसहि चपटकृमीच म्हणतात आणि त्यांच्या नांवानें कपाळाला हात लावतात. शास्त्रज्ञ मात्र आतां त्यांस त्या संघांत न धरतां निराळ्या संघांत धरतात. ह्यांच्या अंगांत हिरव्या शैवालाच्या पेशी राहतात. दिवा लागला कीं त्या अन्न तयार करतात आणि धन्यासहि पोसतात. त्यामुळें दिव्याचा उजेड असला कीं ह्यांस फारशी चिंता उरत नाहीं. ज्याला पाहण्यासाठीं गांव लोटत होता तो उपाशी, आणि ज्यांस कोणी बोलाविलें नव्हतें त्यांची पंगत दिव्याच्या उजेडांत अहोरात्र चाललेली! आम्ही रबरी नळीनें ते ठिपके उपसून काढीत असूं. सकाळीं पुन्हां तितकेच.

५ मार्च, होळीच्या आदल्या दिवशींचा रविवार. संध्याकाळीं कन्येनें नेहमींप्रमाणें कागद कांचेला लावला. मग ती वही घेऊन आमच्या गादीपाशीं आली आणि तिनें सातहि कागद एकावर एक ठेवून दिव्यापुढें धरले. पातळ कागद, साती आकार एकदम दिसत होते, कांद्याच्या पाकळ्यांसारखे एकाच्या आंत एक. बाहेरचा साडेचार सेंटिमीटरांचा, सर्वांत आंतला दीड सेंटिमीटराचाहि नव्हता.

ती म्हणाली, "बाबा, तो खात नाहीं."

आम्हीं म्हटलें, "नाहीं."

"तुम्हांला ठाऊक होतें?"

"तीन आठवड्यांपासून."

मग आम्हीं तिला सर्व सांगितलें: ब्रशाची गोष्ट, थराची गोष्ट, फोनची गोष्ट. ती ऐकत होती. ब्रशाबद्दल ती एक अक्षर बोलली नाहीं. तिनें इतकेंच विचारलें, "मग खातो असें कां सांगत होतां?" तुला वाईट वाटूं नये म्हणून, असें उत्तर ओठांवर आलें होतें, परंतु तेंहि पूर्ण खरें नव्हतें. आम्हांस स्वतःस वाईट दिसावयाचें नव्हतें, हें त्याहून अधिक खरें होतें. आम्ही गप्प बसलों. मातोश्री पलीकडे वाती वळीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं.

पुढल्या बुधवारीं सकाळीं कृमि दिसला नाहीं. खडकाच्या कपारींत थोडा जांभळट बुळबुळीत अंश राहिला होता. ह्या जीवांस हाड ना कवच, त्यामुळें मागें दुसरें कांहीं उरत नाहीं. विषाची भीति असल्यामुळें आम्हीं निम्मे पाणी तांतडीनें बदललें, आणि खेकडे व शिंपले वांचले. महिनाअखेरीस मेहुणे येऊन त्यांस व पेटीस नागपुरास घेऊन गेले. लाल ठिपक्यांसकट, त्याबद्दल ते अद्यापि आम्हांस ऐकवीत असतात.

पाणी मात्र मागें राहिलें. तें कोठें टाकावें हा मोठा प्रश्न झाला. शेजारचे शेतकरी म्हणाले, "आमच्या बांधावर नको, झाडं जळतील." विहिरीजवळ टाकणें शक्य नव्हतें. लोणारच्या सरोवरांत नेऊन ओतावें, असें पुन्हां एकदां सुचविण्यांत आलें. परंतु एका ठिकाणचे जीव दुसऱ्या ठिकाणच्या पाण्यांत सोडण्याचें धाडस आतां आमच्यांत उरलें नव्हतें. शेवटीं एप्रिलच्या उन्हांत गच्चीवर घमेलीं आणि परातीं मांडून आम्हीं तो समुद्र वाळविला. आठवडाभरांत सर्व पाणी उडून गेलें. खालीं जें पांढरें मीठ राहिलें तें कन्येनें खरवडून तागडींत टाकलें. तीन किलो आणि वर थोडें भरलें. मातोश्रींनीं त्यांतला एक खडा जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या, "कडू हाय थोडं." तो मॅग्नेशियमचा कडवटपणा. त्यांच्या आयुष्यांतील समुद्राची ती पहिली चव.

त्यानंतर घरांत कृमीचें नांव बरेच दिवस निघालें नाहीं. ऑगस्टांत पाऊस चांगला झाला, गांवाबाहेरचा नाला वाहूं लागला. एका रविवारीं कन्या लोणच्याची रिकामी बरणी घेऊन गेली आणि दगड उलटे करकरून संध्याकाळीं परत आली. बरणींत नाल्याचें पाणी आणि तळाशीं चार-पांच मातकट रेघा. भिंग लावल्यावर त्या रेघांस त्रिकोणी डोकें दिसलें, आणि डोक्यावर दोन काळे डोळे, किंचित् तिरळे. प्लॅनेरिया! धड्यांत ज्याचें चित्र असतें तोच गोड्या पाण्यांतील चपटकृमि. रंग नाहीं, किनार नाहीं, लांबी सहा-सात मिलिमीटर. आमच्याच नाल्यांत, आमच्याच दगडांखालीं, तो आमच्या जन्मापूर्वींपासून राहत असला पाहिजे.

ह्या वेळीं तिनें आम्हांस कांहीं विचारलें नाहीं. ती सरळ मातोश्रींकडे गेली आणि म्हणाली, "आजी, ह्याच्या पोटाला काय?" दोघींनीं मिळून प्रयोग केले. उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा कण टाकला; दहा मिनिटांत सर्व कृमि त्याच्याभोंवतीं जमले, आणि प्रत्येकाच्या पोटाखालून पांढरी नळी निघालेली स्पष्ट दिसली. बाजाराच्या दिवशीं कलेजीचा नखाएवढा तुकडा आणला, तो त्यांस अधिक मानवला. खाणें झालें कीं तासाभरानें उरलेलें काढून पाणी बदलावयाचें, नाहीं तर तें नासतें. नळाचें औषध घातलेलें पाणी घालावयाचें नाहीं. आणि उजेड त्यांस सोसत नाहीं म्हणून बरणीवर गोणपाट टाकावयाचें. एवढें सांभाळलें कीं दुसरें कांहीं मागणें नाहीं.

अमेरिकेंतील थॉमस हंट मॉर्गन ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्यांचे तुकडे करून दाखविलें होतें कीं, अगदीं लहान तुकड्यापासूनहि पुन्हां संपूर्ण कृमि तयार होतो; दोनशें एकूणऐंशीवा भाग ही त्याची मर्यादा म्हणून सांगतात. डार्विननेंहि आपल्या टास्मानियाच्या एका कृमीचे आडवे दोन भाग केले होते आणि पंधरवड्यांत दोन्ही पूर्णाकृति झाले. आमच्या शाळेंत हा प्रयोग करून पाहावा काय, असें आम्हीं कन्येस विचारलें. तिनें पुष्कळ विचार केला व एकच कृमि कापावा असें ठरविलें. दाढीच्या नव्या पात्यानें तिनें त्याचे दोन भाग केले, तेव्हां तिचा हात कांपत होता. दोन दिवस दोन्ही तुकडे निपचित पडून होते आणि घरांत कोणी मोठ्यानें बोलत नव्हतें. बाराव्या दिवशीं शेपटीकडच्या तुकड्याच्या पुढच्या टोकाला दोन बारीक काळे ठिपके दिसले. तिनें भिंग आमच्या हातांत दिलें आणि म्हणाली, "तुम्ही पाहा आणि काय दिसतें तें सांगा."

आम्हीं पाहिलें. "एक डोळा स्पष्ट आहे," आम्ही म्हणालों, "दुसऱ्याची खात्री देतां येत नाहीं."

तिनें पुन्हां भिंग लावलें. "बरोबर," ती म्हणाली, आणि वहींत तसेंच लिहिलें.

ती वसतिगृहांत गेल्यापासून बरणी आमच्याकडे आहे. दर रविवारीं तिचा फोन येतो. प्रथम आजीची चौकशी, नंतर बरणीची. आम्ही मोजून सांगतों: आज सतरा, मागच्या रविवारीं पंधरा होते, सर्वांत मोठा नऊ मिलिमीटर. कलेजी मिळाली नाहीं तर मिळाली नाहीं असेंच सांगतों.